अल्लादियाखाँच्या कोल्हापुरात ऐकलेल्या ध्वनिमुद्रिका

जयपूर-अत्रौली या गायन-घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. ध्वनिमुद्रणाला त्यांनी अखेरपर्यंत नकार दिला आणि त्यामुळे राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने आमच्या कोल्हापुरात बहरलेली ही गायकी ऐकायची तर खाँसाहेबांचे शिष्य आणि त्या शिष्यांचे शिष्य यांनाच ऐकावे लागते. १९२२ साली महाराजांचे निधन झाले, पुढे खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. परंतु देवल क्लब या इथल्या जुन्या संगीत संस्थेवरून जाताना आजही जुना श्रोता आपसूक त्यांचाच विषय काढतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या ज्या ध्वनिमुद्रिका माझ्या घरात सर्वाधिक वेळा वाजल्या, त्यांच्याविषयी येथे लिहीत आहे. निवड सर्वस्वी माझी आहे.

सर्वांत प्रिय कोणती, असे विचारल्यास मी क्षणाचाही विचार न करता किशोरी आमोणकरांचा ‘भूप’ सांगेन. एलपीच्या एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी ही ध्वनिमुद्रिका आहे. बागेश्री सुंदरच आहे, तरीही माझ्या तबकडीची भूपाची बाजू अधिक झिजलेली आहे. विलंबित, म्हणजे संथ, तीनतालात ‘प्रथम सूर साधे’ आणि त्यानंतर ‘सहेला रे’ ही द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, एवढाच ऐवज. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. शिकाऊ विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला जे राग शिकवतात त्यांपैकी हा एक, आणि म्हणूनच त्यात नवे काही सांगणे अवघड. देशकार रागाचे स्वर नेमके हेच आहेत. तेथे धैवताला मान, येथे गंधाराला. हा फरक पुस्तकात एका ओळीत उरकतो, पण कानाला तो पटवून द्यायचा तर गंधारावर कसे यायचे आणि तेथून कसे उतरायचे, याचा विचार प्रत्येक आवर्तनात, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीत, करावा लागतो. किशोरीताई तो विचार ऐकणाऱ्यासमोर करतात. पंचमावरून गंधारावर येताना त्या मधली वाट इतक्या सावकाश उतरतात की गंधार लागला कधी आणि स्थिरावला कधी हे वेगळे काढता येत नाही. षड्जाखाली जाऊन मंद्र (खालच्या सप्तकातील) धैवताला स्पर्श करून परत आल्या की तोच षड्ज पहिल्यापेक्षा भरलेला वाटतो. त्यानंतर ‘सहेला रे’ सुरू होते तेव्हा लय वाढल्याचे दडपण जाणवत नाही. विलंबितात साठवलेले सारे मोकळे झाल्यासारखे वाटते.

या गाण्याविषयी घराण्यातील जुन्या रसिकांचा एक आक्षेप मी कोल्हापुरातच अनेकदा ऐकला आहे. जयपूर गायकीची मूळ चाल मध्यलयीकडे झुकणारी, लयीच्या अंगाने स्वर विणत नेणारी. इतकी संथ आलापी येथे कशाला, असे ते म्हणतात. आक्षेप निराधार नाही. किशोरीताईंनी आई मोगूबाई कुर्डीकर यांच्या तालमीखेरीज अंजनीबाई मालपेकरांकडेही मार्गदर्शन घेतले होते आणि त्यांच्या आलापीत घराण्याबाहेरचा विचार स्पष्ट दिसतो. परंतु आलाप संपवून त्या मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडतात आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात तो क्षण नीट ऐकावा. तेथे कसलीही सैलता नाही. ती मोगूबाईंची शिस्त आहे आणि तिच्यामागे खाँसाहेबांची तालीम उभी आहे. माझी खरी तक्रार निराळी आहे: एलपीची एक बाजू या भूपाला अपुरी पडते. द्रुत बंदिश मनात रुजू लागते न लागते तोच सुई आतल्या कडेला पोहोचलेली असते.

वेळेच्या मर्यादेचाच विषय निघाला, तर याच घराण्याच्या केसरबाई केरकरांना त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत होती. केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, गोव्यातील केरी गावचा. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या आणि १९२१ पासून त्यांना अल्लादियाखाँची तालीम मिळाली. ललितागौरीतील ‘यार कटर’, नटकामोदातील ‘नेवर बाजो रे’, मालकंसातील ‘मैं सन मीत’ या त्यांच्या तबकड्या पुढे एलपी, कॅसेट आणि सीडीवर एकत्र आल्या. माझ्याकडील संकलन सीडीचे आहे. ललितागौरी हा जोडराग; त्यातील दोन रागांची सरमिसळ उलगडायला दुसऱ्या गायकाने अर्धा तास घेतला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. केसरबाई तीन मिनिटांत बंदिश मांडतात आणि आकारातील (‘आ’ या उच्चारातील) लांब ताना घेऊन संपवतात, तरी कोठेही घाई नाही. तान वर चढताना आवाज बारीक होत नाही आणि खाली येताना विरत नाही. हा खुला, गोल आकार म्हणजे काय हे शब्दांनी सांगण्यापेक्षा नटकामोद लावून दाखवणे मला सोपे वाटते. त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीतून अवकाशात गेली आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. भैरवीची कीर्ती रास्तच आहे, पण नव्या श्रोत्याने तेवढ्यावर थांबू नये.

या संकलनाच्या निर्मितीविषयी मात्र मला रोष आहे. जुन्या तबकड्यांची खरखर काढण्याच्या नादात ध्वनी इतका गाळला आहे की आवाजाची धार बोथट झाली आहे, तानपुरा जवळजवळ नाहीसाच झाला आहे आणि वेष्टणावर साथीदारांची नावे नाहीत, मूळ मुद्रणाचे वर्ष नाही, एका रागाचे नाव तर चक्क चुकलेले आहे. एका परिचितांकडे मूळ तबकडी ऐकल्यावर कळले की खरखरीच्या आत आवाज किती जिवंत होता. मिळाल्यास खरखरीसह असलेली आवृत्तीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मोगूबाईंचे मुद्रित गाणे फार थोडे आहे. जे आहे ते लयीचा अभ्यास करणाऱ्याने आधी ऐकावे. याच घराण्याचे गायक, कोल्हापूरच्या निवृत्तीबुवा सरनाईकांचेही तसेच.

धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, म्हणजे अण्णा, यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांची ध्वनिमुद्रणे विपुल आहेत आणि नेमके कोठून सुरुवात करावी हा प्रश्न पडतो. मी शिवमत भैरव हा राग सुचवेन. मन्सूरांना आधी अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ यांची तालीम मिळाली; १९३७ मध्ये मंजीखाँ गेल्यावर कोल्हापूरला राहणारे त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांनी ती पुढे चालवली. त्यामुळे अण्णांचे गाणे ऐकताना मला ते धारवाडइतकेच कोल्हापूरचेही वाटते. शिवमत भैरवात भैरवाच्या स्वरांना कोमल गंधार आणि कोमल निषाद येऊन मिळतात, आणि ते कोठे घ्यायचे हे चुकले तर राग मोडतो. अण्णा प्रस्तावना करीत नाहीत. पहिल्या श्वासालाच पूर्ण आवाज, लगेच बंदिश, आणि ‘प्रथम अल्ला’ हे शब्द एका शिवभक्त लिंगायत गायकाच्या तोंडून इतक्या निष्ठेने येतात की ऐकताना अंगावर काटा येतो. आलाप आणि तान यांच्यामध्ये येथे भिंतच नाही. एकातून दुसरे केव्हा निघाले हे समेवर आल्यावर लक्षात येते.

माझ्याकडे ही कॅसेट वडिलांची होती. एका पावसाळ्यात तिची फीत प्लेअरमध्ये गुंतून तुटली. वडिलांनी ती कात्रीने सरळ कापली आणि पारदर्शक चिकटपट्टीने जोडली, त्यात दोन-तीन मात्रांचा तुकडा कायमचा गेला. आता तेच गाणे मी फोनवर अखंड ऐकतो, आवाजही अधिक स्वच्छ आहे. तरी त्या आवर्तनाशी आलो की कान वडिलांच्या त्या जोडासाठी थांबतात, आणि मधल्या दोन मात्रा प्रत्येक वेळी नव्याने ऐकू येतात.