आईवडिलांकडे राहायचं की वेगळं बिऱ्हाड करायचं?

"अजून घरीच राहतोस?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं, नुसत्या भुवया उंचवायच्या असतात. २००७ मध्ये इटलीचे तेव्हाचे अर्थमंत्री तोम्मासो पादोआ-स्किओप्पा यांनी आईवडिलांकडे राहणाऱ्या तरुणांना 'बांबोच्चोनी' म्हटलं, म्हणजे थोराड बाळं, आणि त्यावरून तिथे गदारोळ उडाला. त्याआधी जपानमध्ये समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांचा 'पॅरासाइट सिंगल' हा शब्द रूढ झाला होता: आईवडिलांच्या छपराखाली राहून पगार स्वतःवर उडवणारे अविवाहित. नावं ठेवायला काय जातं? जपानमध्ये त्याच काळात कायमच्या नोकऱ्या आटत होत्या, ही गोष्ट मात्र नाव ठेवणाऱ्यांच्या तोंडी कमीच आली.

आकडे बघितले की 'आळशी पिढी' हे उत्तर टिकत नाही. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईवडिलांपैकी किमान एकासोबत राहत होते. महामंदीच्या अखेरीस, १९४० च्या जनगणनेत, हे प्रमाण ४८ टक्के होतं. युरोपीय संघात घर सोडायचं सरासरी वय २६ च्या पुढे आहे. पण फिनलंडमध्ये ते २१ च्या आसपास आहे आणि क्रोएशियात तिशी उलटून जाते. फिनलंडची मुलं जन्मतः धीट असतात असं काही नाही. तिथे विद्यार्थ्यांना भाड्यासाठी सरकारी मदत मिळते आणि विद्यार्थ्यांसाठी बांधलेली घरंही आहेत. जिथे परवडणारं भाड्याचं घर मिळत नाही, शिक्षण लांबतं, नोकरी कंत्राटी असते आणि लग्न उशिरा होतं, तिथे मूल घरीच असणार. तेव्हा लाज वगैरे बाजूला ठेवून हिशोबाला बसू.

पैसा

पगार १०० धरा. वेगळं राहिलात तर समजा ३५ भाड्यात गेले, ८ वीज-पाणी-इंटरनेटमध्ये आणि १७ खाण्यापिण्यात, म्हणजे ६० संपले. घरी राहून २० हातभार लावलात तर दर महिन्याला ४० चा फरक पडतो. अडीच वर्षांत तो बाराशे होतो, म्हणजे पूर्ण एका वर्षाचा पगार. तुमचे आकडे वेगळे असतील, पण फरक डोळ्यात भरण्याइतकाच निघेल. पैशाच्या बाबतीत घरी राहणं जिंकतं, यावर वाद नको.

मेख अशी की ते ४० बहुतेकांकडे शिल्लक राहतच नाहीत. मी सव्वीस वर्षांचा होईपर्यंत घरी राहिलो आणि निघताना खात्यात होते जेमतेम तीन महिन्यांचे पैसे. बाकीचे कुठे गेले ते आजही सांगता येणार नाही. चैन केली म्हणावी तर तीही आठवत नाही. भाडं निष्ठुर असतं, ठरल्या तारखेला मागतंच. बचतीला मागणारं कोणी नसतं.

उलट बाजूला, वेगळं होण्याचा पहिला महिना फसवा असतो. डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, बादल्या यांची यादी सगळे करतात. माझ्या यादीत कात्री नव्हती. पहिल्या रात्री चिकटपट्टी लावलेली खोकी किल्लीने फाडली. थर्मामीटर नाही हे कळलं ते अंगात ताप भरल्यावर, रात्री दोन वाजता. आईवडिलांच्या घरात अशा शंभरेक वस्तू वर्षानुवर्षं साचलेल्या असतात आणि त्यांची किंमत आपण कधी मोजलेली नसते. म्हणून अंदाजे खर्चावर निदान पाव हिस्सा वर धरा.

मोकळीक

इथे पारडं दुसरीकडे झुकतं, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. आमच्या घरी मला कोणी काही विचारत नसे. रात्री साडेअकराला मी हळूच कुलूप उघडायचो, चपला हातात घ्यायचो आणि खोलीत शिरलो की आतल्या खोलीतला दिवा बंद झाल्याचा आवाज यायचा. आई जागी असायची. ती एका शब्दाने बोलली नाही, कधीच नाही. पण त्या 'टक' आवाजापायी मी कितीतरी वेळा मैफल अर्धी सोडून उठलो. बंधन म्हटलं तर नाही. नाही म्हणावं, तर मग मी उठायचो कशाला?

ज्यांच्या घरी याहून उघड जाच आहे, मारहाण, पगार काढून घेणं, सतत पाळत, त्यांनी वरचा पैशाचा हिशोब विसरावा आणि सुरक्षित जागा मिळेल तिथे निघावं.

घरकाम

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा, आणि बोललं जातं ते यावरच सगळ्यात कमी. वेगळं राहणारा माणूस दोन-तीन महिन्यांत शिकतो की संडास आपोआप स्वच्छ राहत नाही आणि डाळीचा डबा रिकामा व्हायच्या आधी भरायचा असतो. घरी राहणाऱ्याला हे चाळिशीतही कळेलच असं नाही. अर्थात घरी राहूनही शिकता येतं: आठवड्याचे तीन दिवस स्वयंपाक तुमच्याकडे, बिलं तुमच्याकडे, विसरलात तर निस्तरायचंही तुम्हीच. पण अशी वाटणी तोंडाने करून घ्यावी लागते. नाहीतर तिशीतला नोकरदार मुलगा घरात शिरताच पंधरा वर्षांचा होतो आणि आईही तशीच वागायला लागते.

मुलींच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेला घसरते. युरोपातल्या बहुतेक देशांत मुली मुलांपेक्षा लवकर घराबाहेर पडतात. त्याची कारणं पुष्कळ असतील. पण घरी राहणाऱ्या मुलाला ताट आयतं मिळतं आणि मुलीच्या अंगावर कामं येऊन पडतात, हेही त्यातलं एक असावं असा माझा तर्क आहे. बहीणभाऊ दोघंही घरी असतील तर हा हिशोब दोघांचा वेगवेगळा मांडा.

त्यांची बाजू

तुलना करताना आपण आईवडिलांना फर्निचरसारखं गृहीत धरतो. मी घरी थांबलो होतो 'त्यांना एकटं वाटू नये' म्हणून, निदान मी तसं सांगत असे. निघतोय म्हटल्यावर वडील म्हणाले, "बरं झालं. मग आता आम्ही लहान घर बघतो. तुझ्यासाठीच थांबलो होतो." दोघांच्याही भल्याचा विचार दोघांनी न विचारता केला होता, तोही चार वर्षं.

तेव्हा त्यांना सरळ विचारा. तुमच्या असण्याने त्यांच्या निवृत्तीच्या पैशांना कात्री लागते का? की तुमच्या हातभारानेच घर चालतं? दुसरं असेल तर तुम्ही घरी राहता असं म्हणणंच चुकीचं आहे, तुम्ही घर चालवता. त्यांच्यापैकी कोणी आजारी असेल तर निर्णय आणखी वेगळा. मग वेगळं घर घेतलं तरी चालत जाण्याच्या अंतरावर घ्या.

मधला रस्ता

मित्रांबरोबर भाडं वाटून घेतलं की ३५ चे पंधरा-सतरा होतात, हे खरं. पण मोकळीकही वाटली जाते आणि सिंकमधल्या भांड्यांवरून होणारं भांडण आईशी होतं त्यापेक्षा कडू असतं.

मग करायचं काय?

माझं मत असं: कर्ज फेडायचं असेल, शिक्षण पुरं व्हायचं असेल किंवा नोकरी धड टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर घरी राहा, पण किती महिने ते कागदावर लिहा. नोकरी स्थिर असेल आणि घरी राहण्याचं कारण नुसतं 'चाललंय ना' एवढंच असेल, तर निघा. जाण्यायेण्यात रोज तीन तास जात असतील तर आधीच निघायला हवं होतं. महिन्याला बावीस दिवस धरले तरी सहासष्ट तास होतात.

अजूनही ठरत नसेल तर एक प्रयोग करा. घर न सोडता पुढचे सहा महिने भाडेकरू असल्यासारखं वागा. तुमच्या आवडत्या भागातलं खरं भाडं शोधा, त्यात बिलं आणि खाण्याचा खर्च मिळवा आणि पगार झाल्या दिवशी ती रक्कम दोन वाटे करून काढा: हातभार आईवडिलांना, उरलेलं वेगळ्या खात्यात. उरलेल्या पैशांत महिना निभवा. निभला तर डिपॉझिट आपोआप जमलेलं असेल. त्या खात्यात मध्येच हात घालावा लागला तर घाला, फक्त तारीख आणि कारण लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती यादी घेऊन आईवडिलांबरोबर बसा.