पागोळ्यांखाली काळी खडी, पांढरा दगड कुंड्यांपुरता: पूर्ण पावसाळ्यानंतरचा अनुभव

बागेत दगड टाकायचे ठरले की बहुतेक जण दुकानात जाऊन आधी रंग बघतात. माझ्या मते आधी अंगणात उभे राहून तीन गोष्टी बघाव्यात: छपराचे पाणी कुठे कोसळते, झाडाची पाने कुठे गळतात आणि माणसांचा पाय कुठे पडतो. आमचे घर तळेगाव दाभाड्याचे. इथला पाऊस कोणाची हयगय करत नाही. तो पूर्ण पावसाळा आणि त्यामागचा उन्हाळा काढून हे लिहीत आहे.

सर्वांत जास्त समाधान दिले ते भिंतीलगतच्या पट्टीने. उतरत्या छपराच्या पागोळ्या तिथे पडतात. दर वर्षी मातीत चर पडायचा आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर हातभर वर चढायचे. तिथे मी वीस एमएमची, म्हणजे आपली पाऊण इंची काळी खडी दोन-अडीच इंच जाडीने पसरली. पट्टी फूटभर रुंद असेल. जुलैच्या धारेतही खडी जागची हलली नाही, कारण फोडलेल्या दगडाच्या कडा एकमेकींत अडकून बसतात. भिंत अजून स्वच्छ आहे. गुळगुळीत गोटे किंवा वाटाण्याएवढे बारीक दगड अशा धारेखाली बाजूला सरकतात आणि मधली माती पुन्हा उघडी पडते.

ही खडी म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. जवळच्या खाणीतून येतो, म्हणून शोभेच्या गोट्यांच्या मानाने खूप स्वस्त पडतो. भिजला की असा गर्द काळा दिसतो की त्यावर नेच्याची हिरवी पाने उठून दिसतात. बांधकामाचा दगड म्हणून त्याला कमी लेखू नये. फक्त घेताना धुतलेली खडी मागा. खाणीतली कच तशीच आली तर पहिल्या पावसात राखाडी पाणी फरशीभर पसरते. आमच्याकडे आलेली खडी चाळणीवर टाकून नळीने धुतली आणि मगच पसरली.

फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेला हाच दगड, पण दहा-बारा एमएमचा, खाली मुरूम ठोकून. आई काठी घेऊन चालते, त्यामुळे गोल गोट्यांचा विचारच नव्हता. पायाखाली गोटा घरंगळतो आणि काठीचे टोक त्यात रुतते. बारीक खडी दाबून बसल्यावर काठी ठाम टेकते. अनवाणी चालायला मात्र ती बोचते. एप्रिलच्या दुपारी काळा दगड चांगलाच तापतो, म्हणून नाजूक रोपांच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडावी.

आता पांढरा दगड. राजस्थानचे संगमरवरी चिप्स मी देशी बदामाच्या जवळच्या कोपऱ्यात टाकले होते. उन्हाळ्यात फार देखणे दिसले. पाऊस सुरू झाला, लाल पाने त्यावर पडून भिजली आणि तपकिरी डाग उमटले. सावलीच्या बाजूला शेवाळ धरले ते वेगळेच. घमेल्यात काढून ब्रशने घासले तर दगड उजळतात, पण हे काम पावसाळाभर चालूच राहते. आणि कृपा करून त्यावर टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर ओतू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागले की तो विरघळतो आणि वरची झिलई जाते. पांढरा दगड नेमका कसला आहे हे दुकानातच कळायला हवे असेल तर लिंबाचा रस टाकून बघा: बारीक बुडबुडे आले तर संगमरवर किंवा चुनखडी, काहीच झाले नाही तर बहुधा गारगोटी.

याच कारणाने एक्झोरा आणि अनंताच्या वाफ्यात संगमरवर मी ठेवलेला नाही. या झाडांना किंचित आम्लधर्मी माती लागते. दगडातला चुना हळूहळू मातीत उतरला की त्यांना लोह मिळेनासे होते, शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. आपल्याकडची काळी माती बऱ्याच ठिकाणी आधीच चुनखडीची असते, त्यात आणखी भर कशाला? पांढरे चिप्स आता छपराखालच्या अडेनियमच्या कुंड्यांत आहेत आणि तिथे ते खरोखर शोभतात.

रंगवलेले निळे-हिरवे खडे मी घेतले नाहीत. वरून रंग दिलेला दगड उन्हापावसात उघड्यावर टिकेल, अशी अपेक्षाच ठेवू नये.

गवताबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. खडीखाली प्लॅस्टिकचा कागद घालू नका, पाणी साचते आणि माती आंबते. पाणी जिरू देणारे, न विणलेले जाड जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीवर अंथरायचे कृत्रिम धाग्यांचे कापड घाला. तेही लव्हाळ्यापुढे पुरे पडत नाही, त्याचे कोंब कापड भोकसून वर येतात. म्हणून कापड अंथरण्याआधी माती खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्या लागतात. हे काम आम्ही नीट केले, आणि जिथे गाठी निघाल्या तिथे आज खडी कोरी आहे. कुंपणालगत शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून हरळी आत शिरते, ती दर पंधरवड्याला उपटावी लागते.

किती माल लागेल याचा हिशेब सोपा आहे. शंभर चौरस फुटांवर दोन इंच थर म्हणजे सुमारे १७ घनफूट, ब्रासचा (शंभर घनफुटांचा) साधारण सहावा हिस्सा. वजन ७०० किलोंच्या आसपास भरते, त्यामुळे गच्चीवर एवढा थर पसरायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. कडेला शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडून घ्या, ते मातीच्या वर दोन बोटे तरी राहायला हवेत. आम्ही पायरीजवळ ते मातीबरोबर ठेवले आहेत, आणि तिथली खडी झाडताना खराट्याबरोबर वाफ्यात जाते. येत्या मे महिन्यात तेवढी कड उचलून घेणार आहोत.