नवी पेठेतील जेडचे प्राणी : पाहावेत, पण पारखून घ्यावेत

सोलापूरच्या नवी पेठेतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात पितळी समया आणि अडकित्त्यांच्या शेजारी जेड या मौल्यवान शोभिवंत दगडातील, चिनी काल्पनिक प्राण्यांच्या काही मूर्ती मांडलेल्या आहेत. त्यांपैकी पाय पोटाखाली दुमडून बसलेला, तळहातावर मावणारा पंखधारी पिश्यू सर्वांत देखणा आहे. तो धन राखतो अशी चिनी समजूत असल्याने व्यापारी गिऱ्हाइकाचा हात आधी त्याच्याकडेच जातो.

दुकानदार ही मूर्ती चिएनलोंग सम्राटाच्या, म्हणजे १७३६ ते १७९५ या काळातील असल्याचे सांगतात, परंतु मला ते पटले नाही. नेफ्राइट या प्रकारचे जेड इतके चिवट असते की ते छिन्नीने कोरता येत नाही, तर कठीण वाळूची पूड लावून फिरत्या चाकतीने घासत घासत त्याला आकार द्यावा लागतो. येथे मात्र पंखांच्या रेषा साच्यातून निघाल्यासारख्या बोथट असून, भिंगातून कानामागे हवेचा बारीक बुडबुडा दिसतो, आणि असे बुडबुडे काचेत असतात.

चिलिन या दुसऱ्या काल्पनिक, शिंगधारी प्राण्याची जोडी मात्र खऱ्या दगडाची वाटते, काम अलीकडचे असले तरी सफाईदार आहे. शोभेची वस्तू म्हणून ती घासाघीस करून जरूर घ्यावी. मात्र शंभर वर्षांहून जुनी म्हणून कोणी विकत असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालील विक्रीचा परवाना आधी पाहावा.