जीलिबसी बांधताना कर्नल हेडर कुठले घ्यावेत: पॅकेजमधले की सोर्समधून काढलेले?

अंबड एमआयडीसीत स्वतःचा कंट्रोलर बोर्ड बनवणारी मुलं मला हमखास विचारतात: बोर्डावर कर्नल 4.19, लॅपटॉपवर 6.1, मग जीलिबसीला हेडर कुठले द्यायचे? जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रामांना लागणारी मूळ सी लायब्ररी, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि हेडर म्हणजे त्या गाभ्याशी कसं बोलायचं हे सांगणाऱ्या फायली.

पहिला पर्याय डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियनसारख्या तयार लिनक्सच्या, पॅकेजचा. डेबियनवर ते ‘लिनक्स-लिबसी-डेव्ह’. ‘लिनक्स-हेडर्स’ नावाने मिळतं ते ड्रायव्हर मॉड्यूल बांधण्यासाठी असतं, त्याचा इथे संबंध नाही. लॅपटॉपसाठीच लायब्ररी बांधत असाल तर पॅकेज घ्या आणि मोकळे व्हा.

बोर्ड एआरएम प्रोसेसरचा असेल तर मी कर्नलचा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाईल) उतरवून ‘मेक हेडर्स_इन्स्टॉल’ करायला सांगतो, सोबत आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, द्यायला न विसरता. 2006 च्या 2.6.18 पासून ही सोय आहे. कर्नलच्या पोटातलं सगळं गाळून फक्त बाहेरच्या प्रोग्रामांसाठीचा भाग वेगळ्या फोल्डरमध्ये पडतो. तो फोल्डर जीलिबसी बांधतानाच्या ‘--विथ-हेडर्स’ या पर्यायाला द्यायचा. ‘हेडर्स_इन्स्टॉल’ला फायली कॉपी करणारा आरसिंक हा प्रोग्राम लागतो; मशीनवर तो नसेल तर ‘मेक हेडर्स’ करून ‘यूएसआर/इन्क्लूड’मधल्या फायली हाताने कॉपी करा. सोर्सचा ‘इन्क्लूड’ फोल्डर मात्र थेट देऊ नका. तो कर्नलचा स्वतःचा आहे.

जीलिबसीऐवजी मसल ही छोटी सी लायब्ररी वापरणाऱ्यांना लायब्ररी बांधायला हे हेडर लागतच नाहीत, बिझीबॉक्ससारखे (नेहमीच्या कमांडचा छोटा संच) प्रोग्राम बांधताना लागतात.

आता आवृत्ती. बोर्डावर जी तीच हेडरची, असं बरेच जण धरून चालतात. मी नवीनच घ्या म्हणतो. कर्नल जुन्या प्रोग्रामांचा इंटरफेस मोडत नाही, आणि नव्या हेडरवर बांधलेली लायब्ररी जुन्या कर्नलवर चालते. किती जुन्या, हे जीलिबसी बांधतानाचा ‘--एनेबल-कर्नल’ हा पर्याय ठरवतो. गल्लत होते ती हेडरची आवृत्ती आणि ‘--एनेबल-कर्नल’ या दोन आकड्यांत.

माझीही झाली होती. 2019 साली पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आमचे बोर्ड होते, कर्नल 4.4. हेडर 4.19 चे घेतले ते बरोबरच होतं, पण ‘--एनेबल-कर्नल’लाही मी 4.19 च लिहिलं. अपडेट गेलं, बोर्ड रीस्टार्ट झाला आणि सीरियल कन्सोलवर ओळ आली: ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’. कर्नल सर्वांत आधी सुरू करतो तो इनिट प्रोग्रामच मेला, त्यामागोमाग कर्नल पॅनिक, म्हणजे सगळंच ठप्प. रात्री गाडी काढून एकेक बोर्ड हाताने फ्लॅश केला. हेडरला हातही लावला नाही; ‘--एनेबल-कर्नल’ 3.2 करून लायब्ररी पुन्हा बांधली, तेवढंच.

नव्या हेडरची एक जबाबदारी तुमच्या प्रोग्रामवर येते. जीपीआयओचा, म्हणजे बोर्डाच्या पिना चालू-बंद करण्याचा, दुसरा इंटरफेस कर्नल 5.10 मध्ये आला. 6.1 च्या हेडरवर तो वापरणारा कोड बिनतक्रार कंपाइल होईल, पण 4.19 च्या बोर्डावर आयऑक्टल (कर्नलला केलेली विनंती) एरर देईल. तिथे पहिल्या इंटरफेसवर परतायची वाट कोडमध्ये आधीच लिहून ठेवा.