झोळी, पाळणा की आईशेजारची गादी? सोलापूरच्या घरात तान्ह्या बाळाच्या रात्री

बाराव्या दिवशी बारसं होतं, पाळण्यात घालून नाव ठेवतात, आणि त्याच रात्री पावणेदोनला बाळ टक्क जागं असतं. मग घरात मतं सुरू होतात. आजी म्हणते झोळी बांधा, आमची सगळी झोळीतच वाढली. आत्याला कुणाकडचा तरी जुना लाकडी पाळणा आठवतो. डॉक्टरांनी मात्र डिस्चार्जच्या वेळीच सांगितलेलं असतं, आईजवळ, सपाट गादीवर, उताणं झोपवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. झोळी बाळाला झोपवण्यासाठी, गादी बाळाने झोपून राहण्यासाठी. पाळणा त्या दोन्हींच्या मधला, तोही धड असला तर.

कुठलीही सोय केली तरी न बदलणाऱ्या गोष्टी

नवजात बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. पोट एवढंसं, आईचं दूध लवकर जिरतं, त्यामुळे दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. म्हणजे झोळी बांधली काय किंवा शोरूममधून पाळणा आणला काय, बाळ रात्री उठणारच. फरक पडतो तो दोन बाबतींत: दूध पिऊन झाल्यावर परत डोळा लागायला किती वेळ जातो, आणि आईचा डोळा लागलेला असताना बाळ किती सुरक्षित असतं.

एक चूक मात्र तिन्हीकडे होते. तान्ह्याच्या झोपेचं एक आवर्तन ५०-६० मिनिटांचं असतं आणि त्यातली जवळपास निम्मी झोप चाळवलेली असते. बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, कधी डोळेही अर्धवट उघडतं. ते उठलं असं समजून आपण उचलतो आणि खरोखर उठवतो. मिनिटभर हात न लावता बघत राहावं. भूक असेल तर ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं सुरू होतंच.

झोळी

झोळीची बाजू घेणारे खोटं बोलत नाहीत. कापड चहूबाजूंनी अंगाला लागतं, दचकून हात उडाले तरी फार दूर जात नाहीत, आणि संथ झोक्याने बाळ शांत होतं. जुनेरं घरात असतंच, खर्च शून्य. खोली लहान असेल तर दिवसा सोडून ठेवता येते.

दोष आकारातच आहे. झोळीत पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याचं डोकं जड, मान लुळी, श्वासनळी मऊ. हनुवटी दाबली गेली की श्वासाची वाट अरुंद होते आणि त्यात आवाज काहीच होत नाही. बाळ रडत नाही, धडपडत नाही, बघणाऱ्याला शांत झोपलंय असंच वाटतं. दुसरं म्हणजे कापडाच्या दोन्ही कडा तोंडावर मिटतात. म्हणून झोळीतल्या बाळावर जागत्या माणसाची नजर हवी. घरातली सगळी झोपलीत आणि बाळ झोळीत, हे चालणार नाही.

तिसरा दोष आईला महाग पडतो. झोक्याने लागलेली झोप तासाभराने चाळवली की बाळाला परत झोका हवा असतो. मग पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून आई रात्रभर अर्धवट जागी. ती दोरीही लांब लोंबती ठेवू नका, थोरल्या मुलाच्या गळ्यात अडकू शकते.

बांधायचीच तर नीट बांधा. कापड सुती हवं. नायलॉन किंवा सिंथेटिक साडीची गाठ सरकते आणि आत घाम येतो. जुनेरं उजेडासमोर धरून बघा, विरलेलं दिसलं तर ते फाडून दुपटी करा, झोळी नको. माळवदाच्या घरात तुळईला, स्लॅबच्या घरात झोपाळ्यासाठी बसवलेल्या कडीला बांधा. पंख्याचा हूक, खिडकीचं ग्रिल, पत्र्याखालचा पातळ पाइप यांच्यावर विसंबू नका. वरच्या बाजूला दीडेक फुटाची आडवी काठी घालून कापडाच्या कडा एकमेकींपासून लांब ठेवा. झोळीचा तळ जमिनीपासून फूट-दीड फुटावर आणि खाली दुहेरी वाकळ. बाळाला घालण्याआधी दहा किलो गव्हाची पिशवी ठेवून दहा मिनिटं झोके द्या. गाठ सरकायची असेल तर तेव्हाच सरकेल.

पाळणा

तळ सपाट असेल तर पाळणा झोळीपेक्षा निश्चित बरा. पण मागून आणलेले पाळणे तपासून घ्यावे लागतात. दोन दांड्यांतली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. शीतपेयाचा साधा कॅन आरपार जात असेल तर फट मोठी आहे. गादी चारी बाजूंना घट्ट बसली पाहिजे, कडेला दोन बोटं शिरली की गादी लहान. नव्याने पिंजून आणलेली कापसाची फुगीर गादी दिसायला छान, पण बाळाचा चेहरा तिच्यात रुततो. हाताने दाबली तर लगेच वर यावी एवढी कडक गादी हवी. उशी, लोड, राईच्या पिशव्या, खेळणी, कडेचं गुबगुबीत अस्तर, सगळं बाहेर. जुना रंग पोपडे धरत असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता, तो पाळणा बारशाच्या फोटोपुरता ठेवा.

झुलणारा पाळणा बाळ झोपल्यावर खिट्टी लावून स्थिर करायचा. खिट्टी नसलेला पाळणा एका बाजूला कलून थांबला की बाळ घरंगळून कडेला तोंड लावतं.

विजेवर झुलणाऱ्या तिरक्या पाळण्यांची गत झोळीसारखीच: पाठ उतरती, मान पुढे. शिवाय लाइट गेली की झोकाही गेला.

आईशेजारची गादी

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारस अशी: पहिले किमान सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, कडक बिछान्यावर, उताणं. आपल्याकडे ही सोय सगळ्यात सोपी, कारण जमिनीवर झोपायची सवय आहे. आईच्या गादीला लागून, वीतभर अंतरावर बाळाची वेगळी गादी. आई आणि बाबांच्या मध्ये नको, आईच्या बाहेरच्या बाजूला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हिचा आणखी एक फायदा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत भाजत राहतं. गरम हवा वर साठते. झोळी जेवढी वर तेवढी गरम, शहाबादी फरशीजवळ मात्र गारवा. गादीखाली सोलापुरी चादर घडी घालून ताणून पसरा, कडक आणि सपाट बैठक होते. तीच चादर बाळावर घालू नका. तिचं वजन आणि ऊब तान्ह्याला झेपत नाही. उन्हाळ्यात पातळ सुती झबलं आणि लंगोट पुरे. कुंची, मोजे रात्री काढा. बाळाला उकडतंय का हे तळहातावरून नाही, मानेमागे हात लावून ठरवा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी. कूलर कोरड्या उन्हाळ्यात चालतो, पण झोत भिंतीकडे. एसी असेल तर २५ ते २७. जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे पिंपं भरलेली असतात आणि डेंग्यूचा डास अशाच साठवणीच्या पाण्यात वाढतो. पिंपं झाकून ठेवा, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवा. बाळाजवळ कॉइल नको, मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा. मुंग्या, विंचू यांनाही तीच आडवी येते.

गादीचा तोटा असा की झोका नाही, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात बाळाला थोपटायला जास्त वेळ लागतो. आणि एकाच अंथरुणात घेऊन झोपायचा मोह होतो. बाळ वेळेआधी झालेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, कुणी दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलेलं असेल, तर तो मोह मुळीच नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणं सगळ्यांत धोक्याचं.

झोळीतून गादीवर

इथेच बहुतेकांचं फसतं. पाजून, ढेकर काढून झोळीत घातलेलं बाळ पाचव्या मिनिटाला डोळे मिटतं आणि आपण लगेच उचलतो. तेव्हा झोप कच्ची असते. वीसेक मिनिटं थांबा. बाळाचा हात हळूच उचलून सोडा. चिंधीसारखा खाली पडला तर झोप पक्की, बोटं आवळली तर अजून थांबा. तेवढा वेळ हनुवटी आणि छाती यांत दोन बोटांची जागा आहे ना, हे बघत राहा. उचलताना एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. गादीवर आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की बाळाला पडल्याचा भास होतो, दोन्ही हात फाकतात आणि सगळी मेहनत वाया. टेकवल्यावर हात लगेच काढू नका, छातीवर तळवा मिनिटभर राहू द्या.

मग कुणी काय घ्यावं

नॉर्मल बाळंतपण, जमिनीवर उठबस जमते: गादी, बाकी काही नको. सिझेरियन झालं असेल तर पहिले काही आठवडे जमिनीवरून उठताना टाके ओढतात. तिथे कॉटच्या उंचीचा, न झुलणारा पाळणा कॉटला लागून ठेवणं जास्त सोयीचं. संध्याकाळी सात ते अकरा किरकिर करणारं बाळ आणि घरात जागं माणूस, तर झोळी जरूर वापरा, पण अकरानंतर गादी. बाळ कमी वजनाचं असेल तर झोळी नकोच.

झोप यावी म्हणून जायफळ उगाळून देऊ नका. गुटी, मध, ग्राइप वॉटर काही नको. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, जास्त वेळा पाजा. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, तेव्हा वजन करून घ्या. बाळ दिवसाला २०-३० ग्रॅमने वाढत असेल आणि पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा वेळा तरी शू करत असेल, तर दूध पुरतंय आणि जागरण भुकेचं नाही. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध ओढत नाही, उठवूनही मलूल, तळहात-तळपाय पिवळे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ लावा.

बाळ कुशीला वळायची धडपड करू लागलं, बहुधा तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, की दुपट्यात गुंडाळणं बंद आणि झोळीही सोडायची. खोल पाळणा ते हातांवर रेटून उठू लागेपर्यंत चालतो. गादी मात्र तशीच राहते, फक्त भिंतीपासून थोडी सरकवावी लागते.