जंगलाचं घराघराला मोल किती? मोजायचं कसं?

सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचा जंगलावरचा कायदेशीर हक्क, मिळालेली ग्रामसभा जंगलाचा आराखडा करायला बसली की हा प्रश्न येतोच. उत्तराच्या वाटा तीन.

पहिली, विक्रीची वही. विडीच्या तेंदूपानांचे पुडे, लिलावाचा दर, बांबूची विक्री, सगळं कागदावर असतं; चार दिवसांत आकडा निघतो. २०११मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती, बांबू स्वतः विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक आलं, तेव्हापासून अशा वह्यांना वजन आहे. पण घरात काय शिजतं ते वहीला कळत नाही. सरपण, पावसाळ्यातले वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी), कंद, गुरांची चराई यांचा लिलाव होत नाही. चंद्रपूरच्या पाचगावनं पानांसाठी होणारी झाडांची छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी टाळायला तेंदूपानं तोडणंच थांबवलं. वहीत हे निव्वळ नुकसान दिसेल. न छाटलेल्या झाडाला धरलेली फळं पोरांच्या पोटात जातात, ती कुठे लिहायची?

दुसरी वाट घरोघर सर्वेक्षणाची. कष्ट बरेच, पण खरं मोल इथेच सापडतं. वर्षातून एकदाच विचारलं तर मोहफुलं आठवतात, रानभाजी विसरते. म्हणून दर तीन महिन्यांनी विचारा. २४ देशांतल्या सुमारे ८,००० कुटुंबांचा अभ्यास असाच तिमाही झाला. त्यात घरच्या उत्पन्नाचा २८ टक्के वाटा जंगल आणि इतर निसर्गातून आलेला निघाला. प्रश्न घरातल्या बाईला विचारा, बहुतेक वेचणारी तीच असते. भाव आठवडी बाजारात व्यापारी देतो तो धरा. सरपणाला सिलिंडरचा दर लावलात तर आकडा फुगतो. चारा धरलात तर त्यावरचं दूध पूर्ण किमतीनं पुन्हा धरू नका. मजुरी वजा करून आणि न करता, दोन्ही आकडे मांडा. आणि भूमिहीन घरांचा हिशेब वेगळा काढाच, सरासरीत ती घरं बुडतात.

तिसरी, ‘जंगल राखायला किती पैसे द्याल?’ असं विचारणं. ही मला पटत नाही. हातात रोकड नसलेलं घर कमीच आकडा सांगणार. विचारायचंच तर श्रमदानाचे दिवस विचारा.

फक्त ठेकेदाराशी दर ठरवायचा असेल तर वही पुरे. आराखडा करायचा असेल किंवा जंगल जाण्याची भरपाई मागायची असेल, तर सर्वेक्षणाला पर्याय नाही. पहिली फेरी पावसाळ्यात घ्या, कारण वहीत न येणारं सगळ्यात जास्त तेव्हाच घरात येतं.