क्लासची पेटी की गुरुजींचा तानपुरा

औसा, निलंगा, सेलू, गंगाखेड अशा तालुक्याच्या गावी गाणं शिकायचं म्हटलं की दोन दारं दिसतात. एक जिल्ह्याच्या गावचा परीक्षांचा क्लास, नाहीतर गावातच घरी शिकवणारे गुरुजी. औशाहून लातूर वीस किलोमीटर, आठवड्यातून दोनदा एसटीनं जाणं-येणं काही जिवावरचं नाही. म्हणून अंतर बघून निवड करू नये. फी बघूनही नको, त्याचं कारण खाली येईलच.

क्लासचं पारडं काही बाबतींत खरंच जड आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, वर्षातून दोन सत्रं, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. कुठवर आलो ते लेकराला कळतं, आई-बापालाही कळतं. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, आणि निम्मी गर्दी त्यासाठीच असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढच्या परीक्षांचा लेखी पेपर, स्वरलिपी, तालांची दुगुण (दुप्पट लय) लिहिणं हे क्लासात घोटून घेतात. आणि तबलजी बहुधा तिथंच असतो. तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, नवव्या मात्रेवरून मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) उचलून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायला खरा तबला लागतो. मोबाइलच्या ठेक्यावर तयार झालेलं पोरगं जिवंत ठेक्यापुढं बसलं की तालाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हमखास गडबडतं. मोबाइलची लय इंचभरही हलत नाही, माणसाची थोडी हलतेच.

मग अडतं कुठं? पेटीवर.

क्लासात जाऊन अर्धा तास नुसतं बघत बसा. सर डाव्या हातानं भाता हलवतात आणि लेकरू जो स्वर म्हणेल तो उजव्या हातानं वाजवत राहतात. शिकवताना एकदा दाखवायला म्हणून नव्हे, पूर्ण वेळ. बारा जणांचा वर्ग सांभाळायचा तर त्यांनाही दुसरा मार्ग नसतो, हे मान्य. पण परिणाम असा होतो की पोरगं स्वर लावत नाही, आलेला स्वर पकडतं. पेटी आधी वाजते, गळा मागून चिकटतो, आणि जिथं कमी पडतो तिथं पेटीचा आवाज ते झाकून टाकतो. मैफलीत पेटी गायकाच्या मागून येते, इथं ती पुढून ओढते. मी गुरुजींचं दार धरलं ते एवढ्या एका गोष्टीपायी. बाकी सगळं क्लासात मिळत होतं.

हे तपासायला सोपं आहे. दोन वर्षं क्लास केलेल्या मुलाला भूप राग म्हणायला सांगा, सा रे ग प ध सां आणि परत, सावकाश, आणि पेटीवरचा हात काढायला लावा. मागे फक्त तानपुरा. चढताना पंचमापर्यंत (प) ठीक जातं. धैवतावरून (ध) तार षड्जाला (वरचा सां) जाताना सूर तोकडा पडतो आणि उतरून आल्यावर खालचा सा मूळ जागी राहिलेला नसतो. असं चार मुलांपैकी तिघांचं झालं तर दोष मुलांचा नाही.

पेटीत आणखी एक मेख आहे. तिचे बारा स्वर सारख्या अंतरावर बांधलेले असतात. एका अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर पेटीचा शुद्ध गांधार (ग) तानपुऱ्यात उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो, शुद्ध धैवतही तानपुऱ्याशी जुळणाऱ्या धैवतापेक्षा सुमारे १६ भाग. पंचम मात्र जवळजवळ तंतोतंत. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तारेला येणारा घुमारा) नीट असली की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या स्वराच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. कान त्याच्याशी जुळला की गळा तिथं जाऊन थांबतो. भूपात गांधारच वादी (रागातला मुख्य स्वर), म्हणजे पहिल्याच रागात हा फरक समोर उभा. भैरव रागातल्या आंदोलित (हळुवार झुलत्या) रिषभाला (रे) तर पेटीवर जागाच नाही, तो गळ्यातून गळ्यातच यावा लागतो.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा त्याची. वर्गात दहा वर्षांची मुलगी, आवाज फुटलेला मुलगा आणि हौसेनं आलेले निवृत्त शाळामास्तर, सगळ्यांना एकच पट्टी. मोठ्या पुरुषाला साधारण काळी एक-दोन (पेटीच्या सप्तकातल्या काळ्या पट्ट्यांचे हे क्रमांक), बाईला काळी चार-पाच मानवते. पण हा अंदाज झाला, खरी पट्टी गळ्याला विचारून ठरते. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ऐकू येईल इतपत लागला पाहिजे आणि तार (वरच्या सप्तकातला) गांधार मान न ताणता लागला पाहिजे. घरी शिकवणारे चांगले गुरुजी पहिला दिवस यातच घालवतात. गुरुजींचा आवाज काळी एकचा आणि मुलगी काळी चारची असेल तर गुरुजींचा पंचम तोच मुलीचा षड्ज. अशा वेळी तानपुरा मुलीच्या पट्टीत लावून स्वतः खालच्या सप्तकात दाखवणारे गुरुजी धरा. आपल्याच पट्टीत मुलीला ओढणारे असतील तर नमस्कार करून परत या. मुलगा बारा-चौदाचा झाला, आवाज फुटू लागला, की पट्टी उतरवून तारेतलं गाणं काही महिने बंद ठेवतात का, हेही विचारावं. गाणंच बंद करा म्हणणारे आणि आहे त्याच पट्टीत रेटणारे, दोघेही नकोत.

आता फीचं. क्लास महिन्याला आठ तास, वर्गात बारा जण. तासाला पाच मिनिटं जरी एकट्याच्या वाट्याला आली तरी महिन्याची चाळीस. गुरुजींकडे पाऊण तासाच्या चार बैठका, त्यातला निम्मा वेळ ते स्वतः गातात असं धरलं तरी नव्वद मिनिटं तुमची. गुरुजी महाग वाटतात ते महिन्याच्या आकड्याला, तो वाट्याच्या मिनिटांनी भागून बघा.

गुरुजींच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत. सप्त्यांचा हंगाम आला की ते कीर्तनाच्या साथीला जातात आणि पंधरा-पंधरा दिवस दार बंद. एकच राग आठ महिने चालतो, त्यात फायदा असला तरी लेकरू कंटाळतं. लिहिण्याच्या नावानं आनंदच. काहींच्या घरी तानपुरा कोपऱ्यात गवसणीत उभा असतो आणि शिकवणी पेटीवरच चालते. तसं असेल तर मग क्लासच बरा, निदान तबला तरी मिळेल. परीक्षेसाठी गुरुजी सोडायची गरज नाही, जवळच्या केंद्रातून अर्ज भरता येतो. लेखीपुरती दोन महिने वेगळी शिकवणी लावली की भागतं.

पोरगं हरिपाठातून, भजनी मंडळातून आलं असेल तर त्याची लय पक्की असते आणि आवाज मोकळा. फक्त उंच पट्टीत जोरानं लावायची सवय असते, ती हळूहळू उतरवावी लागते. ‘आधी भजन सोड’ म्हणणाऱ्याकडे मात्र लेकरू पाठवू नये.

पुण्या-मुंबईच्या गुरूंकडून ऑनलाइन हा तिसरा मार्ग. आवाज पोचायला उशीर लागतो म्हणून दोघांना एकत्र गाता येत नाही, ठेकाही आपल्याच बाजूला लावावा लागतो. बरीच अॅप तानपुऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतात, सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. मध्यमा (मंडळाची मधल्या टप्प्याची परीक्षा) झालेल्याला हा मार्ग चालेल, नवशिक्याला बसण्या-उठण्यापासून दाखवणारं माणूस समोर हवं.

गुरुजी ठरलेच तर मोबाइलवरचा तानपुरा फोनच्याच स्पीकरवर लावू नका, त्यात खर्ज कापला जातो. छोटा वेगळा स्पीकर घ्या, चार्जिंगवर चालणारा, म्हणजे लाइट गेली तरी शिकवणी थांबत नाही. ध्वनिमुद्रण चालेल का, हे आधी विचारा. आणि बैठकीचे वार, बुडालेल्या बैठकीची भरपाई, फीची तारीख हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. गुरुजी ‘बघू की’ म्हणतील. त्यावर हसून, वार आपणच सांगून टाकायचा.